तमाशातलं कीर्तन : 'हूज नेक्स्ट' पुन्हा ऐकताना

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरी झाली, सहकार झाला, दुष्काळ तर वरचेवर झाला. यंदा माझा विषय इंग्लंडमधल्या एका रॉक बँडचा अल्बम आहे असं मी कळवलं, तेव्हा संयोजकांनी उलट फोन करून खात्री करून घेतली. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. नगरच्या व्याख्यानमालेत गिटारचा काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे, आणि आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

अल्बमचं नाव 'हूज नेक्स्ट'. बँडचं नाव 'द हू'. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम ऑगस्ट 1971 मध्ये बाजारात आला. त्यात गाणी नऊ आणि एकूण वेळ पाऊण तासाच्या आत. पहिल्या गाण्याचं नाव 'बाबा ओ'रायली'. त्यातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा. ज्यांची समाधी या शहरातून दौंड रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासाच्या आत लागते, ते अरणगावच्या मेहेराबादचे मेहेरबाबा.

तेव्हा संबंध आहे. पण 'बघा, जगप्रसिद्ध गाण्यात आमचं नगर!' असं म्हणून टाळ्या घ्यायला मी उभा नाही. तेवढंच सांगायचं असतं तर वर्तमानपत्राच्या एका चौकटीत भागलं असतं. मला सांगायचं आहे ते वेगळं. हा अल्बम मी कॉलेजात असताना ऐकला तेव्हा मला त्यात राग ऐकू आला. आता ऐकतो तेव्हा शरणागती ऐकू येते. आणि गंमत अशी, की दुसरी ऐकू आल्यामुळे पहिला खोटा ठरत नाही. ही दोन्ही एकाच आवाजात कशी राहतात, ते आज तुमच्यासमोर उलगडून पाहायचं आहे.

आधी त्या काळाबद्दल थोडं. 1980 च्या सुमाराच्या नगरमध्ये पाश्चात्त्य संगीत येण्याचे रस्ते मोजकेच होते. भिंगारच्या छावणीत बदलून येणाऱ्या अधिकाऱ्यांची मुलं वर्गात असायची. त्यांच्याकडे कुठल्या कुठल्या शहरांतून जमवलेल्या रेकॉर्डी असत. पुण्याला शिकायला गेलेले मोठे भाऊ सुट्टीत येताना कॅसेट भरून आणत. आणि तिसरा रस्ता खास आपल्या गावचा. मेहेराबादला येणारी परदेशी माणसं. अमेरिकेतून, इंग्लंडातून, ऑस्ट्रेलियातून आलेली ही मंडळी भाड्याच्या सायकलीवरून कापडबाजारात भाजी, साबण, मच्छरदाणी घेताना दिसत. गावाला त्यांची सवय होती. 'बाबांचे लोक' एवढं म्हणून विषय संपायचा. तेही आल्यागेल्याशी हसून 'जय बाबा' म्हणत.

भरून घेतलेल्या कॅसेटला वेष्टन नसतं, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावं लागेल. चित्र नाही, वादकांची नावं नाहीत, कुणाला अर्पण केलंय ते नाही. एक कोरा कागद, त्यावर कुणीतरी बॉलपेननं लिहिलेली गाण्यांची नावं. आमच्या हातात पडलेल्या कागदावर पहिल्या ओळीत 'बाबा ओ रायली' असं लिहिलेलं होतं. अरणगावहून सायकलनं येणारा आमचा एक मित्र ते वाचून म्हणाला, 'हा आमचाच बाबा दिसतोय.' आम्ही सगळे पोट धरून हसलो. तो विनोद शब्दशः खरा होता, हे कळायला बराच काळ जावा लागला.

आता ते बाबा कोण, हे इथं बसलेल्या ज्येष्ठांना सांगायची गरज नाही. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. मेरवान शेरियार इराणी, जन्म पुण्याचा, 25 फेब्रुवारी 1894. झरथुष्ट्री कुटुंब. ज्या पाच सत्पुरुषांना ते आपले गुरू मानत त्यांतले दोघे आपल्याच जिल्ह्यातले: शिर्डीचे साईबाबा आणि साकोरीचे उपासनी महाराज. 1923 मध्ये ते अरणगावजवळच्या, पहिल्या महायुद्धातल्या लष्करी तळाच्या ओसाड जागेवर आले. तिथं दवाखाना काढला, शाळा काढली. त्या शाळेत तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं इतरांबरोबर शिकत होती. आणि 10 जुलै 1925 रोजी त्यांनी मौन धरलं. पुढं 31 जानेवारी 1969 ला पिंपळगावजवळच्या मेहेराझादला देह ठेवेपर्यंत ते बोलले नाहीत. त्रेचाळीस वर्षांहून जास्त. सुरुवातीला लिहून, मग इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून, आणि 1954 नंतर ती पाटीही सोडून नुसत्या हातवाऱ्यांनी.

आता दुसरं टोक पाहा. 'द हू' हा बँड कशासाठी प्रसिद्ध होता? आवाजासाठी. 31 मे 1976 ला लंडनच्या चार्लटन फुटबॉल मैदानावर त्यांच्या कार्यक्रमाचा आवाज 32 मीटर अंतरावर 126 डेसिबल मोजला गेला आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा जलसा म्हणून गिनीज बुकात नोंदला गेला. त्यांचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाऊनशेंड 1964 पासून कार्यक्रमाच्या शेवटी गिटार आपटून फोडत असे. ड्रमवादक कीथ मून ड्रम लाथेनं उडवून देई. म्हणजे जगातला सर्वांत मोठा आवाज करणारा माणूस जगातल्या सर्वांत गप्प माणसाचा भक्त झाला. हे वाक्य मला स्वतःला फार आवडतं, म्हणूनच त्याचा मला संशय येतो. इतका नेटका विरोधाभास दिसला की माणूस विचार करायचं थांबतो. म्हणून जरा खोलात जाऊ.

टाऊनशेंडला बाबांची ओळख 1967 च्या सुमारास झाली, ती चित्रकार मित्र माइक मॅकइनर्नी याच्यामुळे. ती पिढी मादक गोळ्यांत देव शोधत होती. 1966 मध्ये बाबांचं एक छोटं पुस्तक निघालं होतं. गोळी खाऊन देव भेटत नाही, असा त्याचा रोखठोक सूर होता. टाऊनशेंडनं एल.एस.डी. सोडलं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाबांची आणि त्याची भेट कधीच झाली नाही. 'टॉमी' हा त्याचा पहिला मोठा सांगीतिक प्रकल्प मे 1969 मध्ये आला तेव्हा बाबांना जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. न पाहणाऱ्या, न ऐकणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे. वेष्टन मॅकइनर्नीनंच काढलेलं, आणि श्रेयनामावलीत 'अवतार : मेहेरबाबा' असं छापलेलं. गुरूबरोबर फोटो नाही, ऋषिकेशची वारी नाही. 1968 मध्ये बीटल्स महेश योगींच्या आश्रमात गेले तेव्हा वार्ताहरांची झुंबड उडाली होती. टाऊनशेंडच्या वाट्याला आली ती एक रिकामी जागा. 1970 च्या दशकात तो मेहेराबादला येऊन गेला, तोही समाधीवर डोकं टेकायला.

या रिकाम्या जागेतून 'हूज नेक्स्ट' तयार झाला. त्याआधी टाऊनशेंडच्या डोक्यात 'लाइफहाउस' नावाचा एक अवाढव्य प्रकल्प होता. भविष्यकाळ, हवा इतकी घाण की माणसं घराबाहेर पडू शकत नाहीत. सगळे एका सरकारी जाळ्याला जोडलेले आणि त्यातूनच सगळे अनुभव घेणारे. संगीत जवळजवळ हद्दपार. अशा काळात काही लोक एकत्र जमतात आणि प्रत्येक माणसाची माहिती यंत्रात घालून प्रत्येकाचा स्वतःचा सूर शोधतात. ते सगळे सूर एकत्र आले की एकच सूर उरतो, अशी ती कल्पना. ही 1971 सालची गोष्ट आहे, हे ऐकून सभागृहातल्या तरुणांच्या चेहऱ्यावर उमटलेलं हसू मला इथून दिसतंय.

'सगळ्या सृष्टीच्या मुळाशी एक नाद' ही कल्पना टाऊनशेंडनं घेतली ती सूफी इनायत खान यांच्या लेखनातून. इनायत खान 1882 मध्ये गायकवाडांच्या बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीरावांच्या आश्रयाखाली तिथली संगीतशाळा काढली होती. म्हणजे या अल्बमच्या मुळाशी नगर आहे, तसं मराठी संस्थानातलं बडोदंही आहे.

'लाइफहाउस' कोसळलं. लंडनच्या यंग विक नाट्यगृहात प्रयोग करून पाहिले, ते फसले. कल्पना कुणालाच नीट समजावून सांगता येईना. न्यूयॉर्कमधलं ध्वनिमुद्रणही मनासारखं झालं नाही, आणि टाऊनशेंड मानसिकदृष्ट्या पार मोडकळीला आला. मग ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सनं सुचवलं, कथा बाजूला ठेव, गाणी चांगली आहेत, त्यांचा साधा अल्बम करू. 'हूज नेक्स्ट' म्हणजे एका पडलेल्या वाड्याच्या वाशांतून बांधलेलं घर आहे. वाडा कुणी पाहिला नाही, पण घर पन्नास वर्षं उभं आहे.

आता पहिलं गाणं जवळ जाऊन ऐकू. सुरुवातीला ऑर्गनचे सूर येतात, भराभर, ठिबकत, एकाच घोळात. ऐकणाऱ्याला वाटतं हा संगणकाचा किंवा सिंथेसायझरचा आवाज. टाऊनशेंडची मूळ कल्पना तशीच होती. मेहेरबाबांच्या आयुष्याची माहिती यंत्रात भरायची आणि यंत्र काय वाजवतं ते पाहायचं. प्रत्यक्षात वाजतो तो लॉरी कंपनीचा घरगुती ऑर्गन, इंग्लंड-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत असायचा तसला. त्याला 'मरिंबा रिपीट' नावाची एक कळ होती. ती दाबून पट्टी धरली की सूर आपोआप तुटक-तुटक परत वाजत राही. टाऊनशेंडनं तो हातानं वाजवून लांबलचक ध्वनिमुद्रण केलं आणि गाण्यासाठी कापून घेतलं.

आपल्यापैकी ज्यांनी तबल्याचं एकल वादन ऐकलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तबलजी वाजवत असतो तेव्हा शेजारी पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी चाल फिरत राहते. तिला आपण लेहरा म्हणतो. लेहरा स्वतः काही कर्तृत्व दाखवत नाही. तो फक्त आवर्तन धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्याला मोकाट सुटता येतं. 'बाबा ओ'रायली'मधला ऑर्गन जवळजवळ हेच काम करतो. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण नावातला दुसरा भाग, 'रायली', म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. छोट्या स्वरवाक्यांची पुनरावृत्ती करत रचना बांधण्याची त्याची पद्धत टाऊनशेंडला भावली होती. आणि हाच रायली 1970 मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा गंडाबंद शिष्य झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरज आणि भीमसेनजींचं पुणे ज्या घराण्यानं गाजवलं, तेच हे किराणा घराणं.

आता या लेहऱ्यावर कोण येतं पाहा. आधी पियानोचे तीन ठोस स्वरमेळ, मग कीथ मून. हा मून म्हणजे ताल पाळण्यापेक्षा ताल उधळण्यासाठी प्रसिद्ध असलेला माणूस. त्याच्या ड्रमवादनात सरळ ठेका सापडणं कठीण, सगळं कसं फुटून बाहेर पडणारं. पण या गाण्यात ऑर्गनची टेप आधीच ठरलेली आहे. ती मूनसाठी थांबणार नाही, वळणार नाही. रंगमंचावर हे गाणं वाजवताना मून कानावर हेडफोन चढवून त्या टेपच्या मागे चालायचा. जुन्या चित्रफितींत ते दिसतं. डोकं गदागदा हलतंय, हात चौफेर फिरताहेत, आणि कानाला मात्र ते हेडफोन घट्ट आवळलेले. जगातला सर्वांत बेबंद ड्रमवादक, कधीही न बदलणाऱ्या एका आवाजाच्या आज्ञेत.

मी म्हणतो ती शरणागती हीच. शब्दांत ती शोधायची गरज नाही, ती गाण्याच्या रचनेतच आहे. वर राग आहे, विध्वंस आहे, उद्ध्वस्त तारुण्याचं वर्णन आहे. कितीतरी लोक तर हे गाणं त्यातल्या त्या वर्णनाच्याच नावानं ओळखतात. आणि खाली, पहिल्या क्षणापासून, काहीतरी शांतपणे फिरत राहिलेलं आहे. आम्हाला कॉलेजात वरचं ऐकू यायचं. ते वयच वरचं ऐकण्याचं असतं.

शेवटी व्हायोलिन येतं. ते वाजवलंय 'ईस्ट ऑफ ईडन' बँडच्या डेव्ह आर्बसनं, आणि ती सूचना होती मूनची. लय चढत चढत जाते, आयरिश लोकनृत्याच्या चालीवर गाणं भिंगरीसारखं फिरतं आणि एकदम थांबतं. तमाशाच्या बोर्डावर ढोलकी शेवटच्या तोड्याला जशी पेट घेते, त्या पेटण्याशी याचं नातं आहे.

या अल्बमवर सतार नाही. तंबोरा नाही. तबला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळात 'पूर्व' म्हणजे सतारीची एक तान, धूप आणि मण्यांच्या माळा असा सरधोपट हिशेब होता. पहिल्या गाण्याच्या नावातला 'बाबा' सोडला, तर टाऊनशेंडनं अल्बमवर भारताची एकही खूण दिसू दिली नाही. वेष्टनावर चौघे जण कोळशाच्या खाणीच्या राडारोड्यात एका काँक्रीटच्या ठोकळ्यापाशी उभे आहेत, आत्ताच त्यावर लघवी करून झाल्यासारखे पँटी सावरत. श्रद्धाळू माणसाला धक्का बसावा असं चित्र. पण आत 'बार्गेन' नावाचं गाणं आहे. वरवर ते प्रेयसीसाठी आहे, पण खरं तर देवाला उद्देशून. सगळं गमावून तू मिळालास तरी सौदा स्वस्तच, असा त्याचा भाव. आपल्या संतांनी असे कितीतरी व्यापार मांडले आहेत, त्यामुळे मराठी कानाला हा हिशेब लगेच कळतो. आत 'बिहाइंड ब्लू आइज' आहे. 1970 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, मोहाला पाठ फिरवून खोलीत परतल्यावर लिहिलेल्या प्रार्थनेतून त्याचा उत्तरार्ध आला. आणि शेवटी साडेआठ मिनिटांचं 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' आहे. क्रांती झाली तरी नवा मालक जुन्यासारखाच निघतो, असा संशय त्यात आहे. आणीबाणी, मग जनता पक्ष, मग त्याचीही फाटाफूट पाहिलेल्या आमच्या पिढीला ते समजावून सांगावं लागलं नाही.

हा भक्तीचा धागा लपलेला होता, हे सिद्ध करायला दुसरा अल्बम आहे. 'हू केम फर्स्ट', 1972, टाऊनशेंडचा एकट्याचा. त्यात मात्र सगळं उघड आहे. बाबांनी 1953 मध्ये डेहराडूनला दिलेल्या 'परवरदिगार' प्रार्थनेचं गाणं त्यात आहे. मेहेराबादला ही प्रार्थना नेमानं म्हटली जाते. इथल्या कितीतरी लोकांना ती तोंडपाठ असेल, आणि ती एका रॉक अल्बमवर आहे हे त्यांच्या गावी नसेल. बाबांना आवडणारं जिम रीव्हज या अमेरिकन गायकाचं एक गाणंही त्यात आहे. 'लाइफहाउस'मधलं, त्या एका सुराबद्दलचं 'प्युअर अँड ईझी'ही तिथंच आहे. तुलना करून ऐका. 'हू केम फर्स्ट' गोड आहे, प्रामाणिक आहे. पण अंगावर काटा आणतो तो 'हूज नेक्स्ट'च. भक्ती नुसती सांगितली की ती सुंदर होते. तिच्या अंगावर राग धावून गेला की ती मोठी होते.

आता जरा आपल्याच जिल्ह्यात येऊ. संगमनेरचा अनंत फंदी (1744–1819) तमाशाचा नावाजलेला शाहीर. त्याची आख्यायिका तुम्हाला ठाऊक आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याला समज दिली आणि तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला. ज्यांच्या नावानं आता हा जिल्हा ओळखला जातो, त्याच या अहिल्याबाई. ही आख्यायिका आपण लहानपणापासून सुधारणेची गोष्ट म्हणून ऐकत आलो. वाईट मार्ग सोडला, चांगला धरला. आपल्या मनात तमाशा आणि कीर्तन यांच्यात एक भिंत आहे, आणि माणसानं कधीतरी ती ओलांडून पलीकडे जावं अशी आपली अपेक्षा असते. ढोलकी तरुणपणी, टाळ म्हातारपणी.

टाऊनशेंडनं ती भिंत ओलांडली नाही. त्यानं तमाशा सोडला नाही. तमाशातच कीर्तन ठेवलं. गिटार फोडणारा हातच प्रार्थना लिहीत राहिला. पुढं त्याचं आयुष्य काही सरळ रेषेत गेलं नाही. दारूनं त्याला पुरतं घेरलं, त्यातून तो कष्टानं बाहेर आला. मून 1978 मध्ये 32 व्या वर्षी गेला. भक्तीनं यांतल्या कुणाला संत केलं नाही. तिनं काय केलं, ते पाऊण तासाच्या त्या अल्बममध्ये ऐकू येतं. तिनं रागाला धरून राहायला एक आवर्तन दिलं. नुसता राग दोन मिनिटांत संपतो. पंक संगीतानं तो पुढं दोन-दोन मिनिटांत संपवलाही, आणि तेही आपल्या जागी खरंच होतं. पण 'बाबा ओ'रायली' आणि 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' इतका वेळ पेटलेली राहतात, कारण त्यांच्याखाली न भडकणारं काहीतरी आहे.

मी मेहेरबाबांचा भक्त नाही. तरी 31 जानेवारीला, अमरतिथीला, काही वेळा मेहेराबादला गेलो आहे. हजारोंची गर्दी असते. आंध्रातून, उत्तर प्रदेशातून आलेले खेडूत, परदेशी, आपल्या आजूबाजूच्या गावचे लोक. सकाळभर माइकवरून भजनं चालू असतात, मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी. दुपारी सव्वाबाराला सगळं थांबतं. पंधरा मिनिटं कुणी बोलत नाही. लहान मुलांचं रडणं, खोकला, टेकडीवरचा वारा, आणि टेकडीच्या पायथ्यानं जाणाऱ्या दौंड–मनमाड रेल्वेमार्गावरून गाडी आली तर तिचा खडखडाट. तिथं उभं राहिल्यावर कळतं, की मौन म्हणजे आवाजाचा अभाव नसतो. सगळे आवाज त्यात येऊन पडतात आणि ते त्यांना जागा देतं. मी लेहऱ्याबद्दल मघाशी जे बोललो ते मला आधी तिथं सुचलं आणि नंतर गाण्यात सापडलं.

बाबांना स्वतःला संगीत वर्ज्य नव्हतं, हेही नोंदवायला हवं. त्यांना कव्वाली प्रिय होती, आणि कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' हे नाचाच्या चालीचं अमेरिकन गाणंही. 7 फेब्रुवारी 1969 ला अरणगावच्या टेकडीवर त्यांना समाधी दिली तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्या गाण्याची रेकॉर्ड लावली गेली. नगर तालुक्यातल्या माळरानावर, ज्वारीच्या शेतांच्या मधोमध, समाधीच्या प्रसंगी अमेरिकन नृत्यगीत. तमाशा आणि कीर्तन यांच्यातली भिंत या माणसानं आधीच पाडली होती. टाऊनशेंडनं फक्त मोठ्या आवाजात तेच केलं.

आणि जाता जाता आणखी दोन गोष्टी. बाबांचं एक वचन पोस्टरवर छापून अमेरिकाभर पसरलं होतं. ते एका घरात पाहून बॉबी मॅकफेरिननं 1988 मध्ये 'डोन्ट वरी, बी हॅपी' केलं. एकही वाद्य न वापरता, नुसत्या तोंडानं केलेलं हे गाणं अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं आणि त्याला ग्रॅमी मिळाले. आणि 16 एप्रिल 1918 ला नगरच्या लष्करी इस्पितळात विनोदवीर स्पाइक मिलिगन जन्मला. बी.बी.सी.वरच्या त्याच्या 'गून शो'वर बीटल्स लहानाचे मोठे झाले. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन आधी मिलिगनच्या विनोदी रेकॉर्डी काढत होता, आणि बीटल्सचं 'अक्रॉस द युनिव्हर्स' पहिल्यांदा प्रसिद्ध झालं ते मिलिगननं वन्यजीवांच्या मदतीसाठी जुळवून आणलेल्या 1969 च्या अल्बमवर. आपण या शहराचा इतिहास सांगताना निजामशाही सांगतो, भुईकोट किल्ला सांगतो, त्यात नेहरूंनी लिहिलेलं पुस्तक सांगतो. सांगावंच. पण गावाला कानांचाही इतिहास असतो, आणि तो लिहिण्याचं काम आपण अजून हाती घेतलेलं नाही. कोणत्या घरात कोणती रेकॉर्ड होती, कुणाच्या ग्रामोफोनवर गल्ली जमायची, कुणी कुठून काय भरून आणलं, हे सांगणारी माणसं आज सत्तरीत आहेत. जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजच्या इतिहास विभागानं त्यांना बोलतं करावं, अशी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे.

एक प्रश्न उरतो, आणि तो मला माझ्याच घरात विचारला जातो. तरुणपणीचा अल्बम साठीनंतर ऐकायचा, याला स्मरणरंजन सोडून दुसरं काय म्हणायचं? मला वाटतं, फरक तपासायची एक साधी खूण आहे. जुनं गाणं ऐकून तुम्हाला फक्त तुम्हीच आठवत असाल, ते दिवस, ती सायकल, ती मुलगी, तर ते स्मरणरंजन. गाण्यात तेव्हा न ऐकलेलं काही आज ऐकू आलं, तर ते ऐकणं. चांगली कलाकृती आयुष्यभर थोडी-थोडी हाती लागते. वीस वर्षांच्या मुलाला 'हूज नेक्स्ट'मधला राग मिळाला, हे त्याचं हक्काचं होतं. आम्हा वयस्कांची चूक होते ती पुढं. आम्हाला शरणागती ऐकू आली की आम्ही त्या मुलाच्या रागाला पोरकटपणा म्हणू लागतो. तो राग नसता तर ऑर्गनखालची शांतता नुसतीच गुळमुळीत वाटली असती.

म्हणून शेवटी संयोजकांपुढं एक सूचना ठेवतो. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते कविता शिकवताना आधी ती सगळी मोठ्यानं वाचत आणि मगच तिच्याबद्दल बोलत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. पुढच्या वर्षी एक दिवस विशीतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला या व्यासपीठावर बोलवा. त्यानं आपला आवडता अल्बम आणावा. रॅप असेल, मेटल असेल, आपल्याला धड नावही घेता येणार नाही असं काही असेल. तो अल्बम या सभागृहात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावा आणि आपण ज्येष्ठांनी समोर बसून ऐकावा. अट एकच : मध्येच उठून कुणी आवाज कमी करायचा नाही.